लेबल बोलतं

आमच्या सरांनी कॅज्युअल्टीतल्या सगळ्या खुर्च्या काढून टाकल्या होत्या. खुर्ची दिसली की डॉक्टर बसतो आणि बसला की पेशंट त्याला लांबून दिसायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. मी रुजू झाले त्या दिवशी हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळभर उभी राहिले आणि दुपारी वॉर्डातून एक स्टूल ओढून आणून डबा उघडला. सर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "खा, खा. डबा बसूनच खावा. डबा संपला की स्टूल परत वॉर्डात."

अंबरनाथ पूर्वेला, आनंदनगर एमआयडीसीच्या वाटेवर आमचं ते ट्रस्टचं छोटं हॉस्पिटल. सर मूळचे भूलतज्ज्ञ. ऑपरेशन थिएटरात पेशंट बोलत नाही म्हणून कंटाळलो आणि कॅज्युअल्टीत आलो, असं ते सांगत. कॅज्युअल्टीत मात्र सगळ्यात जास्त तेच बोलत. झाडूवाल्याला 'साहेब' म्हणत आणि ट्रस्टींना 'अरे, इकडे ये'. एका ट्रस्टींनी एकदा ह्याबद्दल नाराजी दाखवली, तर सर म्हणाले, "साहेब रोज सकाळी सहाला येतो. तू कधी आलायस सहाला?" त्यानंतर ट्रस्टी कॅज्युअल्टीच्या बाजूने यायचेच बंद झाले. सरांना तेवढंच हवं होतं.

एमआयडीसीला शुक्रवारी सुट्टी. त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, सर स्कूटर काढून आनंदनगरमध्ये फिरत. एकेका कंपनीच्या गेटवर थांबायचं, सुपरवायझरला बाहेर बोलवायचं आणि तेच भाषण द्यायचं. "माणूस भाजला, माणूस गुदमरला, माणूस पडला, तर आधी काय आणाल?" सुपरवायझर म्हणे, "माणूस." सर म्हणत, "माणूस तर आणालच हो, त्याला काय गोडाऊनमध्ये ठेवणार आहात? पिंपाचं लेबल आणा! पेशंट घाबरलेला असतो, तुम्ही त्याच्याहून घाबरलेले असता. लेबल घाबरत नाही. लेबल बोलतं."

'लेबल बोलतं' हे त्यांनी पेंटरकडून कॅज्युअल्टीच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहूनही घेतलं होतं. आलेली लेबलं ते शंभर पानी वहीत खळीने चिकटवत. पुढे तारीख, काय झालं, काय दिलं, माणूस कसा गेला. 'गेला' म्हणजे घरी चालत गेला की कसा, हे ते कंसात लिहीत.

भाषणाचा परिणाम इतका झाला की एकदा भरदुपारी तीन कामगार एक अख्खं पिंप धरून धापा टाकत आत आले आणि त्यांच्या मागून चौथा, ज्याच्या पायावर ते पिंप पडलं होतं, तो लंगडत आला.

"लेबल निघत नव्हतं साहेब," त्यातला एक म्हणाला.

"मग पिंपाला ॲडमिट करायचंय का?" सर ओरडले. "ह्याला उचलायचं सोडून त्याला उचललंत?"

लंगडणाराच म्हणाला, "साहेब, तुमीच बोललेले ना, लेबल पयलं."

सर त्यावर बराच वेळ हसले. ती हकिगत पुढे त्यांनी शंभरदा तरी सांगितली असेल. मीही हसायचे. त्यात हसण्यापलीकडे काही आहे, हे तेव्हा आम्हा दोघांनाही दिसलं नाही.

बबन आला तेव्हा मी एकटी होते. सर कल्याणला कसल्याशा बैठकीला गेले होते. दुपारचे दोन वाजले असतील. बबन बुवापाड्यात राहायचा, आनंदनगरच्या एका कंपनीत पिंपं धुवायचा. मूळचा बदलापूरच्या पलीकडच्या गावातला, जमीन गेली म्हणून इकडे आला. वय चाळीसच्या आत. उजव्या हातावर पिंपातलं उरलेलं काहीतरी उडालं होतं आणि हातमोजा फाटका होता. त्याच्याबरोबरचा सुपरवायझर सरांचा चांगला विद्यार्थी. त्याने लेबल सोलून, पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. परीक्षेत पेपर द्यावा तसं त्याने ते माझ्या हातात दिलं.

लेबल साध्या ॲसिडचं होतं, अंबरनाथमध्ये रोज येणाऱ्या प्रकारचं. मी हात भरपूर पाण्याने धुतला. कातडी किंचित लाल होती, बाकी काही नाही. मलम लावलं, पट्टी बांधली, केसपेपरवर लिहिलं. तासाभराने बबन म्हणाला, "बाई, आतून दुखतंय." मी म्हटलं, दुखणारच, ॲसिड आहे. आणखी थोड्या वेळाने म्हणाला, "वरून नाय, हाडात दुखतंय." मी गोळी दिली. तिसऱ्यांदा तो बोलला तेव्हा मी जरा चिडले, कारण तेव्हा एक छातीत दुखणारे आजोबा आले होते आणि ते खरोखर गंभीर होते. चौथ्यांदा तो ओरडलाच. मी इंजेक्शन दिलं. तो शांत झाला आणि मी आजोबांकडे वळले.

सर साडेसहाला आले. पट्टी सोडायच्या आधी त्यांनी बबनला उठवलं आणि विचारलं, "कुठं दुखतंय?" बबनने सांगितलं. सरांनी पट्टी सोडली. बोटांची टोकं राखेसारखी करडी पडली होती. सर कॅल्शियमसाठी ओरडले. तसे ओरडताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

पिंप भंगारातून आलं होतं. आमच्याकडे पिंपं अशीच फिरतात. एक कंपनी रिकामं करते, भंगारवाला उचलतो, दुसरी घेते, त्यात तिसरंच भरते आणि लेबल पहिल्याचंच राहतं. ह्या पिंपात गंज काढायचं द्रावण होतं, त्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड. ते कातडीवर फारसं दिसत नाही. कातडीतून खाली उतरतं आणि हाडातल्या कॅल्शियमला धरतं. वेळेवर कळलं तर इलाज अगदी सोपा असतो, बाहेरून कॅल्शियम द्यायचं. रात्री बबनला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तो वाचला. उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारची, काढावी लागली.

सर मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "मी शिकवलं तेच तू केलंस. हीच तर पंचाईत आहे." वहीत ते लेबल त्यांनी चिकटवलं आणि पुढची जागा कोरी ठेवली. भिंतीवरचं वाक्य पुसलं नाही, पण त्यानंतर ते वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

आता ही परदेशाची गोष्ट. बबनच्या आधीच्या वर्षी स्कॉटलंडचे एक डॉक्टर कुणाच्या तरी ओळखीने आमची कॅज्युअल्टी बघून गेले होते. त्यांना ती वही फार आवडली. त्यांनी पानांचे फोटो काढले. बबनच्या घटनेला सात महिने झाले होते तेव्हा त्यांचं पत्र आलं. त्यांच्या शहरात तातडीच्या उपचारांची परिषद होती, पाहुणे डॉक्टर म्हणून सरांनी यावं आणि लेबलांच्या पद्धतीवर दहा मिनिटं बोलावं. सरांनी उलट कळवलं की येऊ, पण दोघं येऊ.

मी का जायला तयार झाले ते सांगितलं पाहिजे. परिषद भरवणाऱ्या हॉस्पिटलात एका वर्षाची शिकाऊ जागा होती. मी तिच्यासाठी अर्ज केला होता आणि मुलाखत सरांच्या भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी, तिथेच ठेवली होती. मुलाखत घेणाऱ्या बाईच सरांच्या सत्राच्या अध्यक्ष होत्या. मला ती जागा हवी होती. बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या घरातून निघून रोज त्या भिंतीसमोर उभं राहणं मला नको झालं होतं.

कोट घ्यायला आम्ही उल्हासनगरला गेलो. सरांकडे कोट नव्हता, लग्नातला होता त्याची बटणं लागत नव्हती. दुकानदार सिंधी काका, सरांचे जुने पेशंट. त्यांनी एक राखाडी कोट काढला. आत इटलीचं सोनेरी लेबल. सरांनी विचारलं, "हा इटलीचा?"

"साईं, पाच नंबर का है," काका म्हणाले. म्हणजे मागच्या गल्लीतला, कॅम्प पाचमधला. "लेबल पे मत जाओ डॉक्टरसाब, अस्तर देखो, अस्तर! दस साल कुछ नहीं होगा."

एरवी सर अशा वाक्यावर दुकान डोक्यावर घेऊन हसले असते. तेव्हा त्यांनी मुकाट्याने कोट अंगात घातला आणि आरशात न बघता काढून ठेवला.

मग बबनकडे. त्याच्या हाताचा फोटो दाखवायचा तर त्याला विचारायला हवं, असं सरांचं मत. तो आता दुसऱ्या एका कंपनीत वॉचमन होता. दारात उभं राहून त्याने सरांचं ऐकून घेतलं. माझ्याकडे तो पाहत नव्हता. मुंबईहून परत आल्यापासून तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता, ड्रेसिंगला यायचा तेव्हाही नर्सशी बोलायचा.

"म्हंजे माझा हात इमानात बसनार अन् मी इथंच," तो म्हणाला.

"नको असेल तर नाही दाखवत," सर म्हणाले.

"दावा की. पन एक करा. मी सांगत व्हतो, त्ये बी सांगा. चार डाव सांगितलं मी. नायतर ती गोरी लोकं म्हनतील, गडी मुकाच व्हता."

सर म्हणाले, "सांगेन."

परिषदेत सर पहिल्या दिवशी हॉलमध्ये फारसे दिसलेच नाहीत. एका दालनात रबरी पुतळे ठेवले होते, ते श्वास घेत, कण्हत, चुकीचं औषध दिलं तर मरतही. सर एका पुतळ्यापाशी अर्धा तास उभे होते. मला म्हणाले, "फार शिस्तीचा पेशंट आहे. एकटाच आलाय. मामा नाही, नगरसेवक नाही, मोबाइलवर शूटिंग करणारा चुलत भाऊ नाही." मग ते हॉस्पिटलच्या मागच्या दारी गेले, जिथे ॲम्ब्युलन्स येतात, आणि थंडीत ड्रायव्हर लोकांशी गप्पा मारत राहिले. त्यांचं इंग्रजी आणि ड्रायव्हरांचं इंग्रजी ह्यांची कुठेच गाठ पडत नव्हती, तरी संध्याकाळपर्यंत त्यातल्या एकाने सरांना घरी जेवायला बोलवलं होतं.

स्लाइड मी केल्या होत्या. बारातली दहावी बबनची. तिच्यावर मी लिहिलं होतं, 'निदान उशिरा झालं.' भाषणाच्या दिवशी नाश्त्याला सरांनी ती पाहिली.

"उशिरा झालं म्हणजे? गाडी चुकली होती का?"

मी सगळं बोलून टाकलं. म्हटलं, ही स्लाइडच गाळू. उरलेल्या अकरांत भरपूर आहे, त्या खऱ्याही आहेत. उद्या माझी मुलाखत आहे आणि त्या बाई समोर बसणार आहेत. मी हे आयुष्यभर लपवणार नाही, पण आज नको. सर पावावर लोणी लावत ऐकत होते. बराच वेळ लावत राहिले.

"ठीक आहे. तुझं नाव घेणार नाही," ते म्हणाले.

"आणि बबन?"

"त्याला शब्द दिलाय मी."

नाव घेणार नाहीत एवढ्यावर मी सुटले, असं मला वाटलं. सरांनी दिलेला शब्द मोडलेला मी पाहिला नव्हता.

हॉलमध्ये दीडदोनशे डॉक्टर असतील. अध्यक्ष बाई पुढे टेबलाशी बसल्या होत्या, मी तिसऱ्या रांगेत. सरांनी पिंप घेऊन आलेल्या तिघांची गोष्ट सांगितली, लोक हसले. वहीची पानं दाखवली, लोकांनी फोटो काढले. मग त्यांनी कोटाचं बटण सोडलं, कोट उघडून आतलं सोनेरी लेबल दाखवलं आणि म्हणाले, "इटली. हा माझ्या घरापासून चार किलोमीटरवर शिवलाय." हॉल पुन्हा हसला. सर हसले नाहीत. त्यांनी दहावी स्लाइड लावली. बबनचा हात पडद्यावर भिंतीएवढा झाला.

पिंप कसं फिरतं, लेबल कसं राहतं, हे त्यांनी सांगितलं. सुपरवायझरला लेबल आणायला आपणच शिकवलं होतं, हे सांगितलं. आणि मग म्हणाले, "पेशंट दोनला आला. मी साडेसहाला आलो. मधल्या साडेचार तासांत मी नव्हतो. मी जे पाहिलं नाही ते मी सांगू शकत नाही. जे होते त्यांना ते माहीत आहे. माझी तीन मिनिटं उरली आहेत. ती मी त्यांना देतो."

आणि ते पायऱ्या उतरून खाली आले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

नाव घेतलं नव्हतं. मी बसून राहिले असते तर कुणालाही कळलं नसतं. बबन सातासमुद्रापलीकडे कुठल्यातरी गेटवर बसला होता. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, लोक एकमेकांकडे बघू लागले. मला सरांचा फार राग आला होता. तो राग अजूनही थोडा आहे, खोटं कशाला सांगू. ह्या माणसाने मला वाचवलंही नाही आणि पकडूनही दिलं नाही.

मी उठले. व्यासपीठावर गेले नाही, जागेवरूनच बोलले. म्हटलं, ती डॉक्टर मी. माझ्या हातात लेबल होतं आणि समोर माणूस होता. तो मला चार वेळा म्हणाला की हाडात दुखतंय. चौथ्यांदा मी त्याला इंजेक्शन दिलं. ते त्याचं दुखणं थांबावं म्हणून दिलं असं मी केसपेपरवर लिहिलंय. खरं म्हणजे त्याचं सांगणं थांबावं म्हणून दिलं.

एवढं इंग्रजीत नीट बोलता आलं ह्याचं मला नंतर आश्चर्य वाटलं. मी खाली बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी प्रश्न विचारला नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्याही काही बोलल्या नाहीत. ते किती वेळ चाललं ते मी मोजलं नाही. मग पुढच्या वक्त्याला बोलावलं गेलं.

दुसऱ्या दिवशीची मुलाखत सभ्यपणे झाली. जागा मिळाली नाही. पत्रात कारण वेगळंच होतं आणि ते खरंही असेल. मी सरांना म्हटलं, "तुमच्यामुळे गेली."

"शक्य आहे," सर म्हणाले. त्यांनी माफी मागितली नाही आणि माझं काही चुकतंय असंही म्हणाले नाहीत. विमानात पूर्ण वेळ ते खिडकीपाशी बसून ढगांचे फोटो काढत होते, सगळे एकसारखे.

परत आल्यावर पहिल्याच शुक्रवारी ते मला घेऊन बुवापाड्यात गेले. बबनला सुट्टी होती. त्याची बायको चहाला आत गेली. सरांनी बॅगेतून तिकडच्या बिस्किटांचा डबा काढून दिला. बबनने तो डाव्या हाताने घेतला.

"सांगितलं का?" त्याने सरांना विचारलं.

"मी नाही. हिने सांगितलं."

पहिल्यांदाच तो माझ्याकडे वळला. चांगलं निरखून पाहिलं त्याने.

"चार डाव सांगितलं म्हनून बोलल्या?"

"हो."

"अन् सुई का दिली त्ये?"

"तेही सांगितलं."

"मग? काय म्हनली लोकं?"

"काही नाही म्हणाले. गप्प बसले सगळे."

"किती येळ?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"बराच वेळ," मी म्हटलं. "मिनिटभर तरी."

बबनने मान हलवली. डबा मांडीवर ठेवला, तीन बोटांच्या हाताने त्याचं झाकण उघडायला लागला, ते निघेना. मी पुढे झाले तर त्याने नको म्हणून हात केला आणि स्वतःच काढलं.

"येवढंच मिंटभर तुमी त्या दिशी गप ऱ्हायल्या असत्या ना बाई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तर ऐकू आलं असतं तुमाला."

मी म्हटलं, "हो."